वकिलांना चौदा, बाबांना दोन

माझे बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदार काटा मारतो का, पंपवाला पेट्रोलच्या नावाखाली हवा विकतो का, कापडवाल्याची मीटरपट्टी धुतल्यावर आकसली आहे का, हे बघण्याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला. बघणं थांबलं नाही. आमच्या घरात आजवर एकही वस्तू स्वतःच्या वेष्टनावरच्या वजनाच्या भरवशावर आत आलेली नाही. टॅक्सीत तर आम्ही बसतच नाही, कारण मीटरवर बाबांचा विश्वास नाही. मी जन्मले तेव्हा सिस्टरने माझं वजन सांगितलं, तर बाबांनी विचारलं होतं, "दुपट्यासकट की दुपटं वगळून?" ती हसली. बाबा हसले नाहीत. पुन्हा वजन झालं आणि मी थोडी कमी भरले. आई म्हणते, त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर बारीक संशय आहे.

तर अशा माणसाच्या छातीत दुखायला लागलं.

'दुखायला' हा माझा शब्द. बाबांचा शब्द 'दाटल्यासारखं'. जिना चढताना दाटल्यासारखं होतं, असं ते हृदयाच्या डॉक्टरांना म्हणाले, तेही आईने मागून कोपर मारल्यावर. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळा?" बाबा म्हणाले, "कधीमधी." डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन करायला सांगितला. म्हणजे छातीला न कापता, आत नळी न घालता, बाहेरून किरण सोडून वाहिनी कुठे बुजली आहे का ते बघायचं. इतकं साधं.

आमच्याकडे मात्र साधं काही नसतं, कारण मध्ये थोरले काका येतात. बाबांचे थोरले भाऊ. त्यांनाही याच वयात छातीत जड वाटायला लागलं होतं. ते एका डॉक्टरकडे गेले. त्याने शर्टावरूनच स्टेथोस्कोप लावला न लावला आणि "गॅस आहे" म्हणून सोडून दिलं. त्याच आठवड्यात काका न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना गेले. बाबांनी पहिला संशय न्हाव्यावर घेतला. वस्तरा जप्त करायला निघाले होते. न्हावी इतका घाबरला की उरलेली अर्धी दाढी त्याने रडत रडत पूर्ण केली. मग बाबा त्या डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "किती वेळ तपासलंत?" डॉक्टरने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तेव्हापासून बाबांच्या लेखी कमी तपासणं म्हणजे काटा मारणं, आणि तोही माणसाच्या जिवावर.

आता तेच घराणं, तेच वय, तीच छाती. मला रात्री झोप लागत नव्हती, आणि झोप लागत नाही हे बाबांना कळू द्यायचं नव्हतं, कारण ते लगेच विचारतात की का लागत नाही. मला एवढंच हवं होतं की बाबांनी त्या टेबलावर आडवं व्हावं आणि स्कॅन नीट व्हावा. आधी दोनदा ते उठून आले होते. पहिल्या वेळी रिसेप्शनवरचं घड्याळ मागे होतं. "ज्यांना वेळ नीट ठेवता येत नाही ते माझं हृदय काय ठेवणार?" दुसऱ्या वेळी घड्याळ बरोबर होतं. "आम्ही येणार हे कळल्यावर केलंय," म्हणाले.

तिसऱ्या वेळेच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. त्यांचा असाच स्कॅन पूर्वी कधीतरी, जुन्या मशीनवर झाला होता. किरणांचं माप मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात, आणि वकिलांना आपला आकडा पाठ होता.

"मला चौदा दिले होते," ते म्हणाले. शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगावं तसे. "तुम्हाला किती देतात बघा."

"बघतो," बाबा म्हणाले. मला त्या 'बघतो'ची भीती वाटली.

*

स्कॅनची जागा तळमजल्यावर होती. पांढरी खोली, पांढरा उजेड, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो. बाबांनी फोटो जवळून बघितला. "एकाही माणसाचं दुसऱ्याशी नाक जुळत नाही," म्हणाले. "कुटुंब भाड्याचं आहे."

सिस्टरने त्यांना वजनाच्या काट्यावर उभं केलं. एकसष्ट. बाबा खाली उतरले, वाकले आणि काट्याखाली काय आहे ते बघायला लागले.

"काका, काय शोधताय?"

"शिक्का. मी अडुसष्टचा माणूस आहे. हा सात किलो खातो."

"नवीन आहे काका तो."

"नवीन माणूस चोरी करत नाही का?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मी फोटोतल्या कुटुंबाकडे बघितलं.

मग बाबांना झोपवून छातीला वायरी चिकटवल्या. पडद्यावर ठोक्यांचा आकडा उमटला, एक्याण्णव. तेवढ्यात टेक्निशियन आला. जाडजूड, मिशीवाला, जांभई अर्धवट दाबत. "काका, अगदी रिलॅक्स," तो म्हणाला. आकडा शहाण्णव झाला.

"टेन्शन घेऊ नका."

शंभर.

"विश्वास ठेवा आमच्यावर."

एकशे चार. टेक्निशियनने पडद्यावर टिचकी मारून बघितली. मी म्हटलं, "पडदा ठीक आहे. तुम्ही बोलायचं थांबलात तर बरं."

पण त्याला थांबायचं नव्हतं. आपल्या मशीनचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान असलेल्या माणसाला बाबांसमोर उभं करणं म्हणजे वासरू वाघाच्या पुढ्यात बांधणं. "किरणांची तर भीतीच नको," तो म्हणाला. "आमच्याकडे फार कमी लागतात. दोनच्या आसपास. कधी कधी दोनच्याही आत."

बाबा वायरींसकट उठून बसले. "दोन?"

"हो!"

"वकिलांना चौदा दिले होते."

"कोण वकील?"

"वरच्या मजल्यावरचे."

टेक्निशियनने छताकडे बघितलं. "वर तर आमचं कॅन्टीन आहे."

"आमच्या वरच्या मजल्यावरचे," मी म्हटलं.

"अच्छा. ती जुनी पद्धत, काका. तेव्हा सगळा वेळ किरण चालू असायचे. आता तसं नाही. समजा, झोपाळ्यावर बसलेल्या पोराचा फोटो काढायचाय. मध्ये असताना काढलात तर हलणार. पण झोपाळा टोकाला गेला की क्षणभर थांबतो ना? तेव्हा काढायचा. हृदयाचंही तसंच. दोन ठोक्यांच्या मध्ये ते विसावतं. आम्ही तेवढ्यापुरतेच किरण सोडतो. बाकी वेळ बंद."

"बाकी वेळ बंद," बाबा हळूच म्हणाले. दूधवाल्याच्या तोंडून 'थोडंसं पाणी' असं ऐकल्यावर ते याच आवाजात ते शब्द परत म्हणायचे.

"पण त्यासाठी ठोके सावकाश पाहिजेत. साठ-पासष्टच्या खाली. तुमच्यासारखे शंभर असले की हृदयाला विसावाच नाही. मग कुठला क्षण पकडायचा? किरण जास्त वेळ चालू ठेवावे लागतात, आणि तरी फोटो हलायचा तो हलतोच."

"म्हणजे ठोके जास्त, तर किरण जास्त?"

"हो."

"आणि ठोके कमी, तर किरण कमी?"

"बरोब्बर!" टेक्निशियन खूश झाला. आपलं म्हणणं पेशंटला समजलं असं त्याला वाटलं. मला मात्र बाबांचा चेहरा दिसत होता. दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरताना व्हायचा तो चेहरा. 'फोटो हलतो' हे वाक्य त्यांनी ऐकलंच नव्हतं.

ठोके कमी करायची एक गोळी आणि पाण्याचा पेला बाबांच्या हातात देण्यात आला. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले, सिस्टरला "धन्यवाद" म्हणाले. मला तिथेच शंका यायला हवी होती. बाबा कुणालाही धन्यवाद म्हणत नाहीत. वस्तू तपासून झाल्याशिवाय तर नाहीच नाही.

*

गोळी लागू पडायला तासभर थांबायचं होतं. आम्ही बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. समोरच्या दारातून एक आजी स्कॅन करून बाहेर आल्या. बाबा पुढे झुकले.

"किती मिळाले?"

"काय किती?"

"किरण."

"ते काही नाही बाई सांगितलं. इंजेक्शन दिलं तेव्हा सगळं अंग गरम झालं बघा, मला वाटलं, अगं बाई, हे काय झालं! पण तसलं काही झालं नव्हतं." आजी खुदखुदत निघून गेल्या.

मग एक अवाढव्य गृहस्थ आत गेले. बाबांनी टेक्निशियनला दारातच गाठलं. "यांना किती देणार?"

"त्यांना जरा जास्त लागतील, काका. शरीर मोठं. तुम्ही बारीक, तुम्हाला कमी पुरतात."

बाबा परत येऊन बसले. "ऐकलंस? जाड्याला जास्त, बारक्याला कमी."

"बाबा, किरण जास्त मिळाले तर आपला तोटा आहे. ते अंगाला चांगले नसतात. कमीत कमी किरणांत काम व्हावं म्हणून जगभर लोक डोकं खाजवतायत."

"असं त्यांनी सांगितलं."

"हो."

"तेल कमी भरणाराही मला हेच सांगायचा. साहेब, जास्त तेल तब्येतीला बरं नाही."

मी नोकरीत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेते आणि त्यांना शांत करते. दिवसाला कितीतरी माणसं शांत करते. घरचा एक माणूस मला आजवर शांत करता आलेला नाही.

"बाथरूमला जाऊन येतो," बाबा म्हणाले.

आले. थोड्या वेळाने परत गेले. आले ते कपाळ पुसत. मग पुन्हा उठले. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. हा गुण रक्तातून येतो, त्याला स्कॅन लागत नाही. मी म्हटलं, "इतक्या वेळा?"

"पाणी प्यायलोय ना गोळीबरोबर."

"एक पेला."

"मोठा होता," बाबा म्हणाले आणि बाथरूमच्या उलट दिशेने गेले.

मी बसून राहिले. मग उठले. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट होती, लिफ्टच्या बाजूला जिन्याचं जड दार होतं, आणि ते दार नुकतंच कुणीतरी ढकलल्यासारखं अजून हलत होतं.

बाबा पहिल्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसले होते. एक हात कठड्यावर, दुसरा छातीच्या मधोमध, मूठ करून. चेहरा भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा झाला होता.

"काय करताय?"

"तपासणी."

"कसली?"

"जिन्याची." मध्ये श्वास घेतला. "पायऱ्या. सारख्या उंचीच्या. नाहीत."

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हणजे हा माणूस इतका वेळ जिना चढउतार करत होता. ठोके वाढावेत म्हणून. ठोके वाढले की किरण वाढतील म्हणून. माप पूर्ण मिळावं म्हणून. रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं, तर रुमालातून एक पांढरी गोळी टपकन पायरीवर पडली आणि टपटप करत खाली गेली. आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"मी सिस्टरला बोलावते."

त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. जातं हे. बसलं की जातं."

"तुम्हाला कसं माहीत, बसलं की जातं?"

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"बाबा, कधीमधी म्हणजे किती?"

"कधीमधी म्हणजे कधीमधी."

"रोज?"

"रोज असं नाही."

"आठवड्यातून?"

हा माणूस जगाला फसवू शकेल, पण मापाच्या बाबतीत खोटं बोलणं त्याच्या जिभेला जमत नाही. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "दिवसातून दोनदा," ते म्हणाले. "जेवून चाललो तर जास्त."

"आणि डॉक्टरांना तुम्ही—"

"डॉक्टरला सगळं सांगितलं की तो उडवून लावतो. थोडं सांगितलं की शोधत बसतो."

"थोरल्या काकांनी सगळं सांगितलं होतं का?"

"सगळं," बाबा म्हणाले. "अगदी सगळं सांगितलं होतं त्याने."

मूठ छातीवरून हळूहळू खाली आली. रंग परतायला लागला. मी उठले, दार उघडलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकासारखी ओरडले. मग सिस्टर आली, चाकाची खुर्ची आली, आणि पाठोपाठ स्कॅनच्या मुख्य डॉक्टरबाई चपला वाजवत आल्या.

*

त्यांनी बाबांना झोपवलं, ईसीजीची पट्टी काढली, रक्तदाब घेतला, भराभर प्रश्न विचारले. या वेळी उत्तरं मी दिली. दिवसातून दोनदा. जेवून चाललं तर जास्त. गोळी घेतलेली नाही, गोळी जिन्यात आहे. बाबा छताकडे बघत होते, धाड पडलेल्या दुकानदारासारखे.

"वजन कमी झालंय का?" बाईंनी विचारलं.

"काटा खोटा आहे," बाबा म्हणाले.

काटा तिथेच कोपऱ्यात होता. आमच्या घरी शिक्क्याचा काटा आहे. आई आणि मी दर रविवारी त्यावर उभ्या राहतो, बाबांची तशी आज्ञाच आहे. बाबा स्वतः मात्र अलीकडे चढत नव्हते. "सारखं वापरून स्प्रिंग ढिली होते," म्हणायचे. मी चपला काढल्या आणि कोपऱ्यातल्या काट्यावर उभी राहिले. घरी दाखवतो तोच आकडा. काट्यावर तसूभर फरक नव्हता.

"बाबा, हा बरोबर आहे. तुम्ही कमी भरताय."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तुम्ही अर्धं जेवता. पोटभर जेवलं की छातीत येतं, म्हणून."

"अर्धं नाही. पाऊण."

"बाबा."

"अर्धं," ते म्हणाले.

"तुम्ही डॉक्टरांना काटा मारलात. दुखण्यात मारलात, जेवणात मारलात, वजनात मारलात. आणि वर चौदा मागताय?"

मी हे ओरडून म्हटलं नव्हतं. तरी सिस्टर खोलीबाहेर गेली. डॉक्टरबाई कागदाच्या पट्टीकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, कोपऱ्यात जाऊन बोलल्या आणि परत आल्या. "पट्टीत नवीन बदल नाही, आत्ता दुखतही नाही. ते म्हणतायत, स्कॅन लगेच करा. आणि निकाल काहीही असो, आज घरी सोडायचं नाही."

"निकाल काहीही असो?" बाबांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आधीच ठरलंय?"

"हो," मी म्हटलं. "सगळे सामील आहेत. मीसुद्धा."

*

या वेळी ठोके कमी करायचं औषध सरळ शिरेतून दिलं, म्हणजे रुमालाचा प्रश्न नको. वाहिन्या रुंदावणारा एक फवारा जिभेखाली मारला. बाबा त्या मोठ्या पांढऱ्या कड्यात आडवे झाले, हात डोक्यावर. मी काचेमागे टेक्निशियनच्या शेजारी उभी. समोर आकडा होता, अठ्ठ्याहत्तर. मग चौऱ्याहत्तर. मग सत्तर. आणि तिथेच अडकला.

"पासष्टच्या आत यायला हवं," टेक्निशियन पुटपुटला. "नाहीतर किरणही जास्त जातील आणि फोटोही हलेल. तेच पुन्हा करायची वेळ येईल." त्याने माइकचं बटण दाबलं. "काका, एकदम शांत राहा हं!"

शहात्तर.

"असं म्हणू नका ना त्यांना," मी म्हटलं. "त्यांना शांत राहा म्हटलं की ते शोधायला लागतात, काय लपवताय म्हणून. त्यांना विचारू द्या."

"काय विचारू द्या?"

"काय वाटेल ते."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. टेक्निशियनने सुस्कारा टाकून बटण दाबलं. "काका, काही विचारायचंय?"

स्पीकरमधून बाबांचा आवाज आला. तो मी घरी कधी ऐकला नव्हता. त्यात निरीक्षक नव्हता.

"दोनमध्ये काही सुटणार नाही ना?"

टेक्निशियनच्या चेहऱ्यावरची जांभई गेली. तो खुर्चीत सरळ बसला.

"नाही, काका."

"मग वकिलांचे बाकीचे बारा कुठे गेले?"

"हललेल्या फोटोंवर. झोपाळा मध्ये असतानाचे फोटो. ते तेव्हाही कुणी बघत नव्हतं."

"बघत नव्हते, तर दिले कशाला?"

"कधी थांबायचं ते तेव्हाच्या मशीनला नीट कळायचं नाही."

"याला कळतं?"

"तुमच्या छातीवरच्या वायरी सांगतात. प्रत्येक ठोक्याला."

एकोणसत्तर.

"आणि मध्येच एखादा ठोका चुकला तर?"

"मशीन तो सोडून देतं. पुढच्याची वाट बघतं."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

सहासष्ट.

"मशीन तपासलेलं आहे का? कोण तपासतं? की तुम्हीच तुम्हाला पास करता?"

"बाहेरचे लोक येतात, काका. त्यांचा कागद दारामागे लावलाय."

"मुदत?"

टेक्निशियनने माझ्याकडे बघितलं. मी दारामागे गेले, कागद वाचला, परत येऊन माइकमध्ये तोंड घातलं. "आहे, बाबा. अजून बरीच आहे."

"सही?"

"आहे."

"वाचता येते?"

"नाही."

"मग खरी आहे," बाबा म्हणाले.

एकसष्ट. टेक्निशियनचं बोट बटणावर होतं. "श्वास घ्या. धरून ठेवा." कड्याने सूं केलं, टेबल पुढे सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. मीही श्वास धरला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सोडा श्वास. झालं."

"झालं?" बाबा म्हणाले. "एवढ्यात?"

आकडा थेट ब्याण्णववर गेला. टेक्निशियनने पडदा बाबांना दिसू नये असा वळवला आणि मिशीतल्या मिशीत हसला. पण मला खाली लिहिलेलं किरणांचं माप दिसलं होतं, एक पूर्णांक सात.

*

डॉक्टरबाईंनी बाबांना खुर्चीत बसवून पडद्यासमोर आणलं. पडद्यावर राखाडी रंगाचं हृदय होतं आणि त्यावरून वेलीसारख्या वाहिन्या गेल्या होत्या. त्यांनी एक वाहिनी धरली, मोठी केली, फिरवली, उलगडली. ती वरून चांगली जाडजूड निघाली होती. मध्ये एका ठिकाणी तिचा दोरा झाला होता. पुढे पुन्हा वाहिनी.

"ही पुढची मुख्य वाहिनी," बाई म्हणाल्या. "दुखतं ते इथे. अजून बंद झालेली नाही. मनगटातून नळी घालून इथे जाळी बसवावी लागेल. हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलंय मी."

मला त्या दोऱ्याकडे बघवत नव्हतं. मघाशी हा माणूस तो दोरा छातीत घेऊन जिना चढत होता. बाबा मात्र खुर्ची पुढे ओढून बघत होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. आता हे विचारणार की हा फोटो नक्की माझाच आहे कशावरून, या तयारीने मी उभी होते.

"किती किरणांत दिसलं हे?" त्यांनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "एक पूर्णांक सात."

बाबा पुन्हा दोऱ्याकडे बघत राहिले.

"पुरले," ते म्हणाले.

मग बाईंकडे वळून, "जाळी कधी?"

"उद्या सकाळी पहिली केस घेतील तुमची. रात्रभर इथे लक्ष ठेवू."

"आज का नाही?"

बाई चकित झाल्या. त्यांना काय माहीत, हा माणूस आधी दोनदा घड्याळावरून उठून गेलाय. "विचारते," म्हणाल्या आणि फोन घेऊन बाहेर गेल्या. त्या दारापर्यंत पोहोचेतो बाबा त्यांच्या पाठीकडे बघत होते. डोळे बारीक नव्हते केलेले. मला ते बघून इतकं विचित्र वाटलं की मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आई घरी होती. तिला फोन करायचं धाडस माझ्यात नव्हतं, पण तिनेच केला. "काय झालं? खरं सांग. तुझा आवाज कामावर असल्यासारखा येतोय."

"आई, ऐक—"

बाबांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "वाहिनी अरुंद झालीये. जाळी बसवणार आहेत. आणि एक सांगायचं होतं. दाटतं म्हणालो होतो ना, कधीमधी. ते रोज होतं."

आईचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला. "माहितीये मला. ताटात रोज अर्धं उरतं. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कबूल केलं असतं? उलट मला विचारलं असतं, अर्धं कशावरून, मोजलंस का." मग तिचा आवाज उतरला. "मी निघते. आणि हे बघा, मी येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका."

"केली."

"केली? वाचून?"

सिस्टरने मघाशीच जाळीसाठी संमतीचा कागद आणला होता. चांगली तीन-चार पानं, बारीक टायपात. माझ्या डोळ्यांदेखत बाबांनी शेवटचं पान उलटून सही ठोकली होती.

"नाही," बाबा म्हणाले.

मला वाटलं, फोन कट झाला. बाबांनी तो कानापासून दूर धरून बघितला, पुन्हा कानाला लावला.

"टॅक्सी करून येते," आई म्हणाली.